पोटात ठेवलेला जव

तानबा वाढई, म्हणजे गावचा सुतार, त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. सेलूपासून तीन कोसांवरच्या मोहखेडीत त्याचं घर, घरापुढे कडुनिंब आणि निंबाखाली लाकूड तासायचा ओंडका. गाडी अजून पांदणीत असतानाच तो नुसता आवाज ऐकून सांगायचा की डाव्या चाकाचा आरा ढिला झालाय. गाडीवान उतरून बघायचा आणि आरा ढिला असायचा. गावातल्या साठ घरांची औतं त्याच्याकडे होती. वर्षभर नांगर, वखर, डवरे दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन ठरलेलं धान्य घ्यायचं, हा आजापासूनचा रिवाज.

त्याचं माप बोटांत आणि जवांत चालायचं. बोट म्हणजे बोटाची रुंदी, आणि जव म्हणजे जवाच्या दाण्याची जाडी. आठ जवांचं एक बोट. या मापाबद्दल घरात एक नियम होता. तानबाच्या बापानं तरुणपणी असा एक डवरा बसवला होता, की तो काळ्या मातीत अडकत नसे. सेलूच्या एका वाढयानं गोड बोलून त्याचं माप विचारलं, यानं सांगितलं, आणि दुसऱ्या वर्षी आसपासच्या चार गावांचं काम सेलूला गेलं. तेव्हापासून बापानं ठरवलं की माप तोंडानं सांगायचं नाही, आणि सांगायचीच पाळी आली तर एक जव पोटात ठेवायचा. चार असले तर तीन म्हणायचे. चोरणारा त्या मापानं करील आणि फसेल. बाप मेला तेव्हा तानबाला वाकस, पटाशी, गिरमिट आणि हा नियम मिळाला. पहिल्या तीन गोष्टी रोज लागत. चौथी क्वचित लागे, पण तिला गंज चढला नव्हता.

कपाशीची पेरणी तेव्हा मुठीवर चाले. बैलांच्या तिफनीमागून बाई चालायची, ओटीतली सरकी मुठीत घ्यायची आणि तिफनीवरच्या लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, चिमटीनं सोडत जायची. तिथून नळीवाटे बी जमिनीत उतरायचं. सरकीच्या अंगाला रुईचे तंतू असतात, म्हणून ती आधी शेणमातीत घोळून वाळवतात. तरी ती एकमेकींना धरते. एकसारखी चिमूट सगळ्या बायांना साधत नसे. तानबाची बायको बायजा हिला साधायची. तिच्या तासात वीतभर अंतरावर तीन-तीन बिया पडायच्या, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत. पेरणीच्या आठवड्यात तिला चार वावरांतून बोलावणं यायचं.

तानबानं दोन वर्षं तिचा हात पाहिला. अंगणात राख पसरून तो तिला सरकी सोडत चालायला लावायचा आणि मागून उकिडवा बसत बिया मोजायचा.

"काऊन पाहून राह्यले माया हाताकडं?" ती विचारायची.

"चाल तू. थांबू नको."

"लोकायचे नवरे बायकोचं तोंड पाह्यतेत वो."

त्यातून त्याची पेटी झाली. सागवानाची बंद पेटी, आत बाभळीचा रूळ, रुळाला सहा खाचा. पेटी तिफनीवर चाड्याच्या जागी बसायची. बाजूचं चाक जमिनीवरून फिरलं की रूळ फिरायचा आणि प्रत्येक खाच तीन बिया उचलून नळीत टाकायची. सगळी करामत खाचेच्या खोलीत होती. पाच जव खोल केली तर बिया भरमसाट पडायच्या. तीन जव केली तर सरकी खाचेबाहेर डोकं काढायची, पेटीच्या काठाला अडकायची आणि रूळ रिकामा फिरत राहायचा. चार जवांना काम चोख व्हायचं. हे चार जव सापडायला दोन पेरण्या गेल्या. सापडल्यावर त्यानं झाकण लाकडी खुंट्यांनी ठोकलं आणि फटी लाखेनं बुजवल्या. आतलं माप जगात एकाच माणसाला ठाऊक राहिलं. बायजालाही त्यानं सांगितलं नाही.

"माया मुठीची चोरी केली तुमी," ती म्हणाली, "अन् वरून कुलूप घातलं."

१९५४ च्या दिवाळीनंतर ग्रामसेवक गावात आला आणि त्यानं चावडीत एक सरकारी पत्रक वाचून दाखवलं. ज्या कारागिरानं औजारात नवी सुधारणा केली असेल त्यानं ती दाखवावी. पटली तर सरकार लाकूड-लोखंड देईल, प्रयोग चालेल तितके महिने पोटापुरता भत्ता देईल, सरकारी शेतावर परीक्षा घेईल. परीक्षेत उतरली तर तिच्या प्रती करून शेतकऱ्यांना देईल, प्रत्येक प्रतीवर करणाऱ्याचं नाव घालील आणि त्याला सेलूला कामाची शेड बांधून देईल. तानबानं ते पत्रक ग्रामसेवकाकडून तीनदा वाचून घेतलं. भत्ता आणि लोखंड त्याच्या ध्यानात राहिलं नाही. नाव राहिलं, आणि सेलू राहिलं.

उद्योग खात्याचे निरीक्षक पुंडलिकराव सायकलवरून मोहखेडीला आले. चाळिशीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. जिल्ह्यातून आलेल्या अर्जांत एक कधी न विझणारी चूल होती, एक आपोआप हलणारा पाळणा होता, आणि पुंडलिकराव या सगळ्याला विटलेले होते. त्यांनी पेटी उलटीसुलटी केली.

"उघडून दाखवा."

"उघडली तं मोडते, साहेब. लाख फुटते, रूळ हालते."

"मग मी बघू काय?"

"पेरून पाहा ना."

रिकाम्या वावरात तिफन चालवली. पुंडलिकराव धोतर खोचून तासाकाठी बसले आणि बोटानं माती उकरून बिया मोजू लागले. तीन, तीन, दोन, तीन, तीन. बांधापर्यंत ते तसेच सरकत गेले. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तानबानं आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर आपल्या कामासाठी पाहिलं नव्हतं. दहा वर्षांच्या नोकरीतली पहिली शिफारस त्यांनी या पेटीसाठी लिहिली.

मंजुरी आली. अट एवढीच की दोन वर्षं तानबानं वर्ध्याला राहून सरकारी शेतावर काम करावं. त्यानं गावाची औतं सोडली. किसनराव पाटील, ज्यांचं शिवारात सगळ्यांत मोठं वावर, ते निंबाखाली येऊन उभे राहिले.

"काय गा तानबा, औतं कोन पाह्यल?"

"दोन सालाची गोष्ट हाय, पाटील."

"मी भायेरचा वाढई आनला तं तो दोन सालानं वापस जाईन का? त्यालेही घर लागते, खळं लागते."

"शेड भेटून राह्यली मले. सेलूले."

"शेडीत बसून शेळ्या राखजो," किसनराव म्हणाले आणि हसले. ते तानबाच्या बापाला ओळखत होते आणि तानबावर त्यांचा लोभही होता. जाताना म्हणाले, "पेटी झाली तं पयली मले देजो."

१९५५ चा हंगाम सरकारी शेतावर गेला. पेटीनं मुठीच्या पेरणीपेक्षा कमी बियाण्यात सरस पीक उगवून दाखवलं. वरून हुकूम आला की नागपूरच्या कारखान्यात चाळीस प्रती कराव्यात. त्यासाठी नकाशा हवा होता. १९५६ च्या फेब्रुवारीत नागपूरहून मोतीलाल नावाचा नकाशानवीस आला. जबलपूरकडचा माणूस, कानात अत्तराचा फाया, काखेत कागदांची सुरनळी. त्यानं पेटीचा बाहेरून एकेक भाग पट्टीनं मोजला आणि झाकणावर टिचकी मारली.

"भैया, खोलो इसे."

"उघडत नाई जी ते. मोडते."

"अंदर का नाप कैसे लूँ? सपने में?"

पुंडलिकराव शेजारीच उभे होते. संध्याकाळच्या गाडीनं मोतीलालला परत जायचं होतं. परीक्षेत उतरलेली पेटी ही एकच होती, आणि ती मोडली तर वर्षाचं काम मोडलं असतं. ते म्हणाले, "राहू द्या, मोतीलालजी. तो सांगतो तसं लिहा. त्याच्याहून जास्त कोणाला ठाऊक?"

मोतीलालनं पेन्सिलीला टोक केलं. रुळाची लांबी विचारली, जाडी विचारली, खाचा किती ते विचारलं. तानबानं सगळं खरं सांगितलं. मग त्यानं खाचेची खोली विचारली.

पुंडलिकराव चोर नाहीत हे तानबाला ठाऊक होतं. नागपूरचं त्याला ठाऊक नव्हतं. तिथे कोण बसतं, नकाशा कोणाच्या हातात जातो, पाटीवर शेवटी कोणाचं नाव चढतं, यातलं काहीच त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं असाही हिशेब केला की प्रती करताना काम अडेल, मग आपल्याला बोलावतील, आपण पटाशी घेऊन जाऊ आणि चौथा जव आपल्या हातानं काढू. माप आपल्या पोटात असलं की आपल्यावाचून त्यांचं चालणार नाही.

"तीन जव," तो म्हणाला.

"जव? ये जव क्या बला है?"

तानबानं बोट पुढे केलं. मोतीलालनं त्याची रुंदी मोजली, आठानं भागली, तिनानं गुणली आणि सूत-इंचात आकडा लिहिला. खाली स्वतः सही केली, पुंडलिकरावांची घेतली आणि तानबाचा अंगठा घेतला.

बोलावणं आलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. मेच्या मध्याला एक ट्रक वर्ध्याच्या सरकारी गोदामापुढे थांबला आणि त्यातून चाळीस पेट्या उतरल्या. हिरवा रंग दिलेल्या, झाकणं लोखंडी स्क्रूंनी बसवलेली, आणि प्रत्येकीच्या अंगावर पांढरी अक्षरं. गोदामबाबूनं ती बोट फिरवून वाचून दाखवली: तानबा पेटी, मोहखेडी.

तानबानं त्या अक्षरांवरून आपलंही बोट फिरवलं. मग विचारलं, "चालवून पाह्यल्या का बाबू?"

"नागपूरले पाह्यल्या. चाळीसच्या चाळीस. एक दाना अटकला नाई म्हनते."

"सरकीचा?"

"जवारीचा. कारखान्यात सरकी कुठून आनतीन?"

ज्वारीचा दाणा गोल आणि गुळगुळीत असतो. तीन जवांच्या खाचेतून तो बिनबोभाट जातो. तानबानं एका पेटीचं चाक हातानं फिरवून पाहिलं आणि आतला रूळ कानानं ऐकला. चाकाचा आरा ढिला आहे की घट्ट, हे ज्या कानाला पांदणीतून कळायचं त्याला हेही कळलं.

वाटपाला अठरा दिवस होते. तो पुंडलिकरावांच्या कचेरीत दोनदा गेला. पहिल्या वेळी ते दौऱ्यावर होते. दुसऱ्या वेळी त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, जे त्या कचेरीत कोणा कारागिराच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि चहा मागवला. मांडव घालायचा ठरलाय, नागपूरचे मोठे साहेब येणार आहेत, तुम्हाला हार घालणार आहेत, असं ते सांगत होते. सेलूला शेडसाठी जागा बघून ठेवली होती, रस्त्याला लागून.

"काही म्हणायचं होतं का?" त्यांनी विचारलं.

तानबानं बशीतला चहा संपवला. "नाई साहेब. सहज आलतो."

वाटप झालं, एका गावाला एक पेटी. हार घातला गेला. किसनरावांनी सांगून ठेवल्याप्रमाणे एक पेटी घेतली आणि मोहखेडीतल्या पेरणाऱ्या बायांना निरोप दिला की या वर्षी तुमच्या मुठीचं काम नाही. बायजालाही तोच निरोप आला. ती चुलीपुढे बसून म्हणाली, "पोट भरलं का आता?"

पेरणीच्या दिवशी किसनरावांच्या वावरात गाव जमलं होतं. तिफनीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, बैल चालू लागले. तानबा तासातून मागे मागे चालत होता. दहा पावलांवर तो खाली बसला आणि त्यानं बोटानं माती उकरली. काही नव्हतं. पुढे उकरली. काही नव्हतं. त्यापुढे धसकटाला पेटी आदळली होती, तिथे पंधरा-वीस बियांचा ढीग पडला होता. पुढे पुन्हा रिकामं. दणका बसला की अडकलेल्या बिया एकदम सुटत होत्या, आणि पेटीतली सरकी नेहमीच्या अंदाजानं संपत होती. वरून पाहणाऱ्याला शंका येण्यासारखं काही नव्हतं.

"काय पाह्यते बे तानबा?" किसनराव बांधावरून ओरडले.

तानबानं तळव्यानं माती सारखी केली. "ओल पाह्यतो, पाटील."

"ओल आमी पाह्यली. तू आपल्या पेटीकडं पाह्य."

तिफन थांबवायला त्या वेळी एक शब्द पुरला असता. तो बोलला नाही. सगळ्या गावानं आदल्या आठवड्यात त्याच्या गळ्यात हार पाहिला होता. तो बांधावर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. चार दिवसांत सोळा एकर पेरून झाले.

आठ दिवसांनी वावर उगवलं. कुठे कुठे मूठभर रोपांचा झुबका, दोन झुबक्यांच्या मध्ये वीस पावलं काळी माती. अशीच खबर एकेक करून चाळीसही गावांतून आली. किसनरावांनी पेटी चावडीपुढे आणून टाकली आणि पहारीनं झाकण उचकटलं. माणसं वाकून बघू लागली. बायजा गर्दीतून पुढे आली, रूळ हातात घेतला आणि खाचेत दोन बोटांची चिमूट घालून पाहिली.

"माया चिमटीत तीन बिया राह्यते," ती म्हणाली. "ह्याच्यात दीड बी राहत नाई. हे कोनाच्या चिमटीनं केलं?"

तानबा पुढे आला आणि म्हणाला, "चार जव पाह्यजे होते. मी तीन सांगतले."

"कोनाले सांगतले?" गर्दीतून कोणी विचारलं.

"नकाशेवाल्याले."

"काऊन?"

त्याला उत्तर द्यायची गरज पडली नाही. त्याच्या बापाला ओळखणारा एकच माणूस तिथे होता, आणि त्याला कळलं. किसनराव पहार टेकवून उभे होते.

"बापाचा जव," ते म्हणाले. "बापाचा जव ठेवला तू पोटात. सरकारले चोर समजला तं समजला, पन पेरलं कोनाच्या वावरात बे? सरकारच्या? आन् त्या दिवशी तासात बसून मातीत बोट घालत होता. ओल पाह्यतो म्हने. दिसलं नाई तुले? सांग ना. दिसलं का नाई?"

"दिसलं."

किसनरावांनी त्याला मारलं नाही. मारलं असतं तर पुढे जाऊन विषय मिटला असता. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून ह्या गावात तुया हातचा खुटा नको मले." साठ घरांनी ते ऐकलं. दुबार पेरणीला बायजाला बोलावणं आलं आणि ती गेली. हंगाम तोवर निघून गेला होता, पण मुठीनं पेरलेलं तेवढं उगवलं.

तानबा चालत वर्ध्याला गेला. पुंडलिकरावांनी या वेळी खुर्ची दिली नाही. टेबलावर चाळीस गावांच्या तक्रारी सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. तानबानं उभ्यानं सगळं सांगितलं, बापाच्या डवऱ्यापासून. मग म्हणाला, "साहेब, लिहून घ्या. माप मी खोटं सांगतलं. एक पेटी द्या, एक जव काढतो, तुमच्यापुढं चालवून दाखवतो."

पुंडलिकराव खिडकीबाहेर बघत होते. "अहवाल कालच गेला. यंत्राची कल्पनाच सदोष आहे, तंतू असलेल्या बियाण्यास अयोग्य आहे, असं लिहिलंय."

"पन ते खोटं हाय साहेब. तुमी बोटानं मोजलं होतं."

"मोजलं होतं."

"मंग?"

"माप चुकीचं होतं असं लिहिलं तर पुढचा प्रश्न काय येईल? पेटी न उघडता नकाशावर सही कोणी केली. मोतीलालनं आणि मी. त्याच्या पुढचा प्रश्न, सरकारला खोटं माप कोणी दिलं. मग तुम्ही तुरुंगात जाल. त्यापेक्षा कल्पना चुकलेली बरी. कल्पनेला कोणी पकडत नाही."

"मले पकडू द्या. पेटी खरी हाय."

पुंडलिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं. वावरात तासाकाठी बसून बिया मोजणारा माणूस अजून त्यांच्यात कुठे होता की नाही हे तानबाला कळलं नाही. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला, तानबा," ते म्हणाले. "ती चूक मी कागदावर येऊ देणार नाही." त्यांनी घंटी वाजवली आणि चपराशाला पुढच्या माणसाला पाठवायला सांगितलं.

नोव्हेंबरात राज्य बदललं. वर्धा मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी गेली. मोतीलाल भोपाळला गेला, पुंडलिकरावांची बदली झाली, सेलूच्या जागेवर कोणीतरी कडब्याची गंजी रचली. मोहखेडीत दुसरा वाढई येऊन राहिला होता, आणि किसनरावांनी म्हटल्याप्रमाणे तो परत जाणारा नव्हता. निंबाखालचा ओंडका बायजानं सरपणाला फोडला. ती लोकांच्या वावरात जायची. तानबा वर्ध्याला मिळेल त्या कामावर जायचा.

१९५७ च्या एप्रिलमध्ये सरकारी गोदामातला निकामी माल काढायचं ठरलं. गावोगावहून परत आलेल्या पेट्यांचं सागवान चांगलं होतं, त्यातून शाळांसाठी तिपाया करायच्या होत्या. गोदामबाबूनं तानबाला रोजावर बोलावलं. त्यात कोणाचा काही डाव नव्हता. पेटी मुळात त्याची, तेव्हा मोडायलाही त्यालाच सोपं जाईल, असा बाबूचा साधा विचार होता.

पहिल्या दिवशी त्यानं अकरा मोडल्या. दुसऱ्या दिवशी बारावी उघडून त्यानं रूळ बाहेर काढला आणि पटाशी घेऊन बसला. सहा खाचा, प्रत्येकीतून एक जव. बाबूची विडी संपायच्या आत काम झालं. त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. आत शेणमातीत घोळलेली मूठभर सरकी होती. घरून निघताना त्यानं ती मागितली तेव्हा बायजानं कशाला ते न विचारता दिली होती. त्यानं पेटी जुळवली, सरकी ओतली आणि चाक फरशीवरून हातानं ढकलत नेलं.

तीन. तीन. तीन. तीन. गोदामाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

बाबू उठून आला. "अबे, चालते की हे!"

"चालते."

"मंग त्या साली काऊन नाई चालली?"

तानबानं सरकी गोळा करायला सुरुवात केली.

"ठेवून देऊ का एक?" बाबू स्वतःशीच म्हणाला आणि भिंतीवरच्या यादीकडे बघून त्यानं मान हलवली. "नाई गा. यादीत एक्केचाळीस निकामी लिहेल हायेत. त्यातली एक चालाले लागली तं मले विचारतीन. फोड."

एक्केचाळिसावी पेटी म्हणजे लाखेनं बुजवलेली, त्याच्या हातची पहिली. "ते तरी मले द्या बाबू," तानबा म्हणाला. "माया घरची हाय."

"भत्ता घेतला होता ना? मंग सरकारची हाय."

तानबानं बारावी फोडली. मग तेरावी. दोन दिवसांनी एक्केचाळिसावी. लाख कठीण झाली होती, तिला तीन घाव लागले.

शेवटच्या दिवशी फळ्या आणि पाय वेगळे रचून झाले. तिपाया जोडायला सेलूचा वाढई येणार होता. बाबू वही घेऊन आला.

"वाढई, तिपाईच्या पाटाले पायासाठी भोक किती खोल पाडा लागते? त्याच्यासाठी लिहून ठेवतो."

तानबानं एक पाय उचलून हातात फिरवला. त्या जाडीच्या पायाला दहा जव खोल भोक लागतं, नाहीतर लेकरू बसल्यावर पाय निसटतो.

"नऊ जव," तो म्हणाला.

बाबूनं नऊ लिहिलं.